गडी कसे निवडावे?

ह्या सदरांत मी बहुधा पाठांतर, शुद्धलेखन, मुलांची दिनचर्या अशा विषयांवर लिहीत असतों. तेव्हां पुढील मजकूर पाहून 'मास्तरांस आतां हें काय सुचलें?' असें कित्येक वाचकांच्या मनांत आल्यावांचून राहणार नाहीं. परंतु ज्या घरांत मुलें आहेत त्या घरांत हल्लीं हा विषय आहेच; आणि जो विषय घरांत येऊन बसला आहे त्याच्याकडे पाठ फिरविणें हें वडील माणसांस शोभत नाहीं, असें माझें मत आहे.

दिवाळीच्या सुटींत आमच्या दारव्ह्याच्या घरीं तीन नातवंडें जमलीं होतीं. थोरल्या मुलाचा तेरा वर्षांचा नातू पुण्याहून, मुलीची अकरा वर्षांची नात नागपुराहून, आणि मधल्या मुलाचा दहा वर्षांचा धाकटा येथलाच. पूर्वीं ह्या दिवसांत अंगणांत आट्यापाट्यांच्या रेघा पडत. यंदा पुण्याच्या पाहुण्यानें बरोबर एक खेळाचें यंत्र आणलें, तें बैठकींतील टी. व्ही.ला जोडलें, आणि तिघेंही त्यापुढें मांडी घालून बसलीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मोठा गलका झाला. हातांतील पुस्तक मिटून मी बाहेर आलों, तों थोरला म्हणत होता, "सगळे मेले! हिनें बरं करणारा गडी घ्यायला हवा होता." नात रडकुंडीस येऊन म्हणाली, "नेहमीं मीच कां? मला पण तलवार पाहिजे." आणि धाकटा गप्प बसला होता, कारण त्यानें निवडलेला गडी व्यापारी होता, आणि "लढाईंत व्यापारी काय करणार, भाव करणार?" असें म्हणून थोरल्यानें त्याची आधींच पुरती टर उडविली होती.

"आबा, आतां तुम्हींच सांगा," असें म्हणून तिघांनींही फिर्याद माझ्यापुढें मांडली. न्याय देण्यापूर्वीं कायदा वाचावा लागतो. म्हणून मीं त्यांजकडून तो खेळ आरंभापासून समजावून घेतला, आणि पुढील चार दिवस वही-पेन्सिल घेऊन त्यांच्या मागें बसलों.

त्या खेळाचें नांव 'ड्रॅगन क्वेस्ट ३'. मूळ खेळ १९८८ सालीं जपानांत निघाला, आणि २०२४ सालीं तो नव्या चित्रांनीं सजवून पुन्हां काढण्यांत आला. त्यांतील नायक ठरलेला असतो. परंतु त्याचे तीन सोबती आपण निवडावयाचे असतात. ही निवड ज्या ठिकाणीं होते त्यास वस्तुतः गुत्ता म्हणावयास हवें. मुलांसमोर मीं खानावळ म्हणून वेळ निभावली. तेथें योद्धा, मल्ल, पुरोहित, मांत्रिक, व्यापारी, विदूषक अशा निरनिराळ्या वृत्तीचे लोक मिळतात. चौघांच्या ह्या टोळीस मुलें 'पार्टी' म्हणतात, आणि अशा खेळांस 'रोल-प्लेइंग गेम', म्हणजे सोंग घेऊन खेळावयाचा खेळ, असें नांव आहे.

ह्या खेळांचें कुळ तसें फार जुनें नाहीं. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा फांशांचा व कागदांचा खेळ प्रसिद्ध केला. त्यांत प्रथम तीनच प्रकारचे गडी होते: लढवय्या, मांत्रिक आणि धर्मोपदेशक. कुलुपें उघडणारा व सांपळे ओळखणारा चोर १९७५ सालीं येऊन मिळाला. पुढें हीच कल्पना संगणकावर गेली. १९८१ च्या 'विझर्डरी'मध्यें सहा गडी घेतां येत. १९८७ च्या 'फायनल फँटसी'मध्यें सहा प्रकारांतून चार गडी घ्यावे लागत. आपल्या पुण्यांतही नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढला आहे. परंतु त्यांत राक्षसांनीं पळविलेल्या धाकट्या भावास शोधावयास निघालेली मुलगी एकटीच लढते, त्यामुळें सोबती निवडण्याचा प्रश्न तेथें उद्भवत नाहीं. जेथें तो उद्भवतो तेथें नवशिक्यानें काय करावें, तें मीं मुलांस जसें सांगितलें तसेंच येथें मांडतों.

पहिली गोष्ट ही कीं, 'बलवान् कोण?' हा प्रश्न आधीं विचारूं नये, 'कामें कोणतीं?' हा आधीं विचारावा. कोणत्याही मोहिमेंत चार कामें असतात. पुढें उभें राहून घाव सोसणें हें एक. शत्रूवर जोराचा प्रहार करणें हें दुसरें. जखमींस बरें करणें हें तिसरें. आणि कुलूप, सांपळा, पैसा, बोलणें, वाट ह्यांची माहिती ठेवणें हें चवथें. नवशिका मुलगा चारही जागीं तलवारीच भरतो, कारण प्रहार डोळ्यांस दिसतो. परंतु जेथें तलवारीचें काम नाहीं तेथें चौथी तलवार पहिलीइतकीच निरुपयोगी ठरते. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक १६७४ सालीं झाला तेव्हां त्यांच्या अष्टप्रधानांत सेनापति एकच होता. जमाखर्च पाहणारा अमात्य, पत्रव्यवहार सांभाळणारा सचिव, परराज्यांशीं बोलणारा सुमंत, न्यायाधीश, पंडितराव हे सारे निरनिराळे होते. ज्यांनीं आयुष्यभर लढाया केल्या त्या राजानें आठांच्या आठ जागीं सेनापति नेमले नाहींत, ही गोष्ट मुलांस लगेच पटली.

दुसरी गोष्ट, उभें राहण्याचा क्रम. 'विझर्डरी'मध्यें पुढचे तिघेच तलवार चालवूं शकत, मागच्या तिघांनीं मंत्रांवर भागवावें लागे. 'फायनल फँटसी'मध्यें रांगेंत जो पहिला असेल त्यावर शत्रूचे वार सर्वांत अधिक पडत. म्हणून ज्याचें अंग दणकट व चिलखत जाड, तो पुढें. ज्याचें ज्ञान मोठें पण शरीर नाजूक, तो मागें. मांत्रिकास पुढें उभें करून तो पडल्यावर 'मांत्रिक कुचकामी' म्हणणें हा मांत्रिकाचा दोष नव्हे. शाळेंत मीं असे पुष्कळ मांत्रिक पुढच्या रांगेंत मारले गेलेले पाहिले आहेत. गणितांत उत्तम पण चारचौघांत बोलण्यास बुजणाऱ्या मुलास स्नेहसंमेलनांत भाषणास उभें करणारे आम्हीच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच लोक सर्वांत अधिक विसरतात. बरें करणारा गडी पाहिजेच. आणि तेवढ्यानें भागत नाहीं, तोच पडला तर त्यास कोण उठविणार, हेंही आधीं ठरलेलें असावें. मुलांच्या टोळींत हें काम करणारा स्वतंत्र गडी नव्हता. नायकास थोडासा उपचार येई, पण तो उपचार करूं लागला कीं त्याची तलवार थांबे. औषधी पाला संपला आणि तिसऱ्या भुयारांत सगळे गारद झाले. निष्णात खेळाडू पुरोहितावांचून, किंबहुना एकट्या नायकानेंही हा खेळ पार करतात, असें थोरल्यानें मला सांगितलें. तें खरें आहे. परंतु निष्णाताचें अनुकरण नवशिक्यानें करूं नये. पोहतां येऊं लागल्यावर पेटा सोडावयाचा असतो, आधीं नव्हे.

आतां हें काम कोणी करावें, ह्यावरच मुळीं भांडण होतें. येथें मला एक नवल कळलें. २००४ सालीं निघालेल्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' ह्या खेळांत जगाच्या कानाकोपऱ्यांतील अनोळखी माणसें पांच-पांचांच्या टोळ्या करून भुयारांत उतरतात: एक ढाल, एक वैद्य, आणि तीन प्रहार करणारे. ह्यांत ढाल व वैद्य होण्यास माणसें इतकीं कमी मिळतात कीं, ज्या कामाचा तुटवडा असेल तें पत्करणारास २०११ पासून जादा बक्षीस देण्याची व्यवस्था करावी लागली. म्हणजे सेवेचें काम सर्वांस हवें असतें, पण तें दुसऱ्यानें केलेलें! मीं निकाल दिला कीं, टोळींत एक पुरोहित घ्यावा, आणि त्याचे हुकूम सोडण्याची पाळी रोज एकेकाकडे असावी. मुलगी आहे म्हणून तिच्या गळ्यांत, किंवा धाकटा आहे म्हणून त्याच्या गळ्यांत हें काम कायमचें बांधूं नये. पहिली पाळी थोरल्याची लागली. संध्याकाळपर्यंत तो तीनदां म्हणाला, "आबा, सगळ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं हो!" त्यास हें कळलें, एवढ्यानेंच माझें अर्धें काम झालें.

चवथी गोष्ट, धंदा बदलण्याविषयीं. ह्या खेळांत विसाव्या पायरीस पोंचलेला गडी एका देवळांत जाऊन आपला धंदा बदलूं शकतो. जपानी भाषेंत त्या देवळाच्या नांवाचा उच्चार 'दामा' असा होतो. माझ्या कानांस त्यांत आपला 'धर्म' ऐकूं आला. धंदा बदलला कीं तो गडी पुन्हां पहिल्या पायरीवर येतो आणि त्याची शक्ति निम्मी होते. परंतु पूर्वीं शिकलेले मंत्र त्याजपाशीं राहतात. म्हणून उतावळेपणानें बदल करूं नये, आणि चौघांनीं एकदम तर मुळींच करूं नये. एकजण नवें शिकत असतां बाकीच्यांनीं त्यास सांभाळावें. पण पहिल्या पायरीवर उतरण्याची लाज मात्र धरूं नये. अज्ञातवासांत पांडवांनीं दुसरें काय केलें? गांडीव शमीच्या झाडावर ठेवावें लागलें, आणि तें वर्ष तरलें तें भीमाच्या स्वयंपाकावर, अर्जुनाच्या नृत्यावर, नकुलाच्या अश्वविद्येवर व सहदेवाच्या गोपालनावर. द्रौपदी सैरंध्री झाली. शस्त्रांवांचून राहण्याचा प्रसंग आला तेव्हां ज्याला त्याला दुसरें कांहीं येत होतें, म्हणूनच ते वांचले.

पांचवी गोष्ट, कोणासही कुचकामी म्हणण्याची घाई करूं नये. विदूषक हा ह्या खेळांतील सर्वांत टाकाऊ गडी. ऐन लढाईंत तो हुकूम मोडून कोलांट्या मारतो, थट्टा करतो, कधीं नुसताच उभा राहतो. परंतु पुरोहिताचे व मांत्रिकाचे असे दोन्ही मंत्र ज्यास येतात तो 'ऋषि' होण्यास इतर सर्वांना एक दुर्मिळ ग्रंथ मिळवावा लागतो. विदूषक मात्र विसाव्या पायरीस पोंचला म्हणजे त्या ग्रंथावांचूनच ऋषि होतो! हें ऐकून मला माझे शेवटच्या बांकावरचे कित्येक विद्यार्थी आठवले. विसाव्या पायरीपर्यंत त्यांस सांभाळून नेण्याचा धीर माझ्यापाशीं प्रत्येक वेळीं होता असें मी म्हणूं शकत नाहीं.

येथवरचा भाग मुलांसाठीं. पुढें जें घडलें तें माझ्यासाठीं होतें.

सुटीच्या अखेरीस टोळी जहाजानें एका ओसाड रानांत उतरली. तेथें एक म्हातारा भेटला. त्यास त्या जागीं गांव वसवावयाचें होतें, आणि त्याकरितां तो एक व्यापारी मागत होता. व्यापाऱ्यास तेथेंच ठेवून बाकीच्यांनीं पुढें जावें लागणार होतें. थोरला म्हणाला, "सोड त्याला, तसाही त्याचा उपयोग काय?" धाकट्याचा चेहरा उतरला. त्यानें त्या व्यापाऱ्यास आपल्या वडिलांचें नांव दिलें होतें, ही गोष्ट आम्हां कोणाच्याच लक्षांत आली नव्हती. माझ्या मधल्या मुलाचें दारव्ह्यांत बी-बियाणांचें व खतांचें दुकान आहे.

तो त्या वेळीं आपल्या आईसाठीं पेजेची वाटी घेऊन दारांतून चालला होता. क्षणभर थांबून तो मुलास म्हणाला, "राहूं दे रे त्याला. गांव वसवायला कोणीतरी मागं राहावंच लागतं." आणि आंत निघून गेला.

वाचकहो, माझ्या पत्नीस पक्षाघात होऊन तीन वर्षें झालीं. तिला कुशीवर वळविणें, भरविणें, वेळच्या वेळीं गोळ्या देणें हें सारें मधला मुलगा व सूनबाई करीत आलीं आहेत. घरीं पाहुणा आला म्हणजे मी थोरल्याचा पुण्यांतील हुद्दा सांगतों, मुलीची नागपुरांतील नोकरी सांगतों, आणि मधल्याविषयीं म्हणतों, "तो येथेंच असतो." वर्षानुवर्षें मी हें एकच वाक्य म्हणत आलों. गेल्या पावसाळ्यांत त्यास डेंग्यू झाला. थोरल्यानें त्याच दिवशीं पैसे पाठविले, मुलीनें रोज फोन केला; परंतु जेवणाआधींची गोळी कोणती व नंतरची कोणती हें सूनबाईवांचून कोणासही ठाऊक नव्हतें, मलाही नाहीं. ती बारा दिवस दोन खाटांमध्यें धांवत होती. मुलांस 'दुसरा वैद्य ठेवा' म्हणून सांगणाऱ्या ह्या मास्तरानें आपल्या घरांत तो ठेवला नव्हता.

बैठकींत थोरला मुलगाही होता. रात्रीं मुलें निजल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, "बाबा, मी पैसे वाढवून पाठवूं का?"

मीं म्हटलें, "पैसा ही तलवार झाली, ती आपल्यापाशीं पुष्कळ आहे. तूं धंदा बदल. वर्षांतून दोनदां दहा-दहा दिवस येथें येऊन राहा, आणि आईचें सगळें शिकून घे. पुण्यांत तुझी पायरी कितवीही असो, येथें पहिलीपासून सुरुवात करावी लागेल."

तो हंसला, पण "रजा मिळते का पाहतों" असें म्हणाला. खरें सांगावयाचें तर तो येईल असें मला वाटलें नव्हतें. मार्गशीर्षांत तो आला. पहिल्याच दिवशीं त्यानें जेवणाआधींची गोळी जेवणानंतर दिली, आणि त्याच्या आईनें बऱ्या हातानें त्यास चापट मारली. तिसऱ्या दिवसापासून त्याची चूक झाली नाहीं. त्या दहा दिवसांत मधला मुलगा, सूनबाई व धाकटा रत्नागिरीकडे समुद्र पाहून आलीं. पोराचीं दहा वर्षें झालीं, पण समुद्र त्यानें तोंवर चित्रांतच पाहिला होता. सूनबाईस लग्न झाल्यापासून घराबाहेर इतके दिवस प्रथमच मिळाले.

खेळांतील व्यापाऱ्याचें काय झालें, असें वाचक विचारतील. तेंही सांगतों, कारण पाल्हाळ सोडला तरी सत्य सोडूं नये. टोळी परत येई तेव्हां तेव्हां तें गांव वाढलेलें दिसे. शेवटीं व्यापारी लोकांकडून इतकें काम करून घेऊं लागला कीं, त्यांनीं त्यास कोंडून ठेवलें. धाकटा फार रागावला, त्याचा बाप मात्र म्हणाला, "उधारी वसूल करायला गेला असेल!" परंतु पुढील प्रवासासाठीं जे सहा मणि लागतात, त्यांपैकीं पिवळा मणि त्याच गांवांत मिळाला. त्यावांचून आकाशांतून नेणारा पक्षी जागा होत नाहीं, आणि प्रवास तेथेंच थांबतो. ज्याला 'उपयोग काय?' म्हटलें त्यानें मागें राहून मिळविलेल्या वस्तूवर पुढें गेलेल्यांचा मार्ग अवलंबून होता. हें कळल्यावर थोरल्या नातवानें धाकट्याकडे पाहून फक्त "सॉरी" म्हटलें. व्यापाऱ्याच्या रिकाम्या जागीं नातीनें मांत्रिक घेतला, आणि ह्या वेळीं त्यास मागच्या रांगेंत उभें केलें.

असो. ज्यांच्या घरीं हे खेळ आले आहेत त्यांनीं ते बंद करण्यापूर्वीं एकदां मुलांजवळ बसून त्यांची टोळी पाहावी. वेळेचें बंधन अवश्य असावें. आमच्याकडे दिवेलागणीस यंत्र बंद होत असे. पण मुलांस तीन प्रश्न विचारावे: घाव कोण सोसतो? बरें कोण करतो? आणि तो पडला तर त्याच्या जागीं कोण? हे प्रश्न विचारून झाले म्हणजे तेच आपल्या घरासही लावून पाहावे. हल्लीं घरीं पाहुणा आला म्हणजे मी मधल्या मुलाची ओळख सर्वांत आधीं करून देतों.